मुकुट घालून सांगितलेली गोष्ट

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या बाप्पा. मला घाईनं सांगता येत नाही, आणि मधेच कोणी हसलं की मी कुठवर आलो होतो तेच विसरतो. फजिती माझीच आहे. दुसऱ्या कोणाची असती तर दोन वाक्यांत उरकली असती. स्वतःची आहे, म्हणून बैजवार सांगतो. नातीकडून लिहून घेऊन राहिलो, मला अक्षर येत नाही.

मी मोटारपंपांचा मिस्त्री. विहिरीत, बोअरमध्ये सोडतात ना, त्या पंपांचा. अमरावतीत आमचं दुरुस्तीचं दुकान. मोठं दुकान अकोल्याला, शेठ तिथे बसतात. आमचं म्हणजे त्याचं पिल्लू. माणसं पाच. सगळ्यांच्या वर वैष्णवी मॅडम. वय असेल तीसच्या आत. रोज चांदूर रेल्वे गावाहून गाडीनं येतात, घरी दीड वर्षाची पोरगी सासूजवळ ठेवून. प्रणाली फोनवर तक्रारी घेते, सुधाकर गाडी चालवतो, गजू आणि मी पंप खोलतो. मला सगळे मिस्त्रीबाबा म्हणतात. चाळीस वर्षं पान्हा हातात आहे. मोटारीला नुसता हात लावला की तिचं दुखणं मला कळतं, असं लोक म्हणत. मीही म्हणत होतो. आता म्हणत नाही.

तर यंदाच्या उन्हाळ्यात आमचं पार वाटोळं झालं. दुरुस्त करून दिलेली मोटार आठ दिवसांत परत! आत पाणी शिरून जळालेली. तिकडे संत्र्याचे बगीचे वाळून राहिले, इकडे शेतकरी दुकानाच्या पायरीवर बसलेले. एकानं तर मोटार माझ्या पुढ्यात आदळली आणि म्हणाला, "मिस्त्रीबाबा, तुमी हे दुरुस्त केली होती का मारली होती?"

काय बोलता? माझ्या तोंडात तंबाखू होती, ती गिळली मी.

कारण आम्हा पाचही जणांना पक्कं ठाऊक होतं. मोटारीत पाणी जाऊ नये म्हणून रबराची एक गोल चकती बसवतात, तिला सील म्हणतात. यंदा शेठनी नवीन जातीचे सील पाठवले होते. कोणाच्या दुकानातले? शेठच्या बायकोच्या भावाच्या! मग काय राहिलं सांगायचं? माल फालतू. पण शेठच्या साळ्याचा माल फालतू आहे, हे शेठच्या तोंडावर म्हणणार कोण? गजू म्हणे प्रणालीनं सांगावं, प्रणाली म्हणे सुधाकरनं, आणि सुधाकर म्हणे, "मी तर डायवर माणूस, मले सीलातलं काय समजते?"

एक दिवस शेठचा फोन आला. मॅडमनी सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला.

"मी शुक्रवारी येऊन राहिलो," शेठ म्हणाले. "एवढ्या मोटारी काहून जळतात, हे त्या दिवशी मले समजलं पाहिजे. नाही समजलं तर अमरावतीच्या दुकानाले कुलूप. सगळेच्या सगळे अकोल्याले या कामाले."

फोन बंद झाला. 

"चांदूरहून अकोला," वैष्णवी मॅडम हळूच म्हणाल्या, "म्हणजे माही पोरगी जागी असताना मी घरी कधीच राहणार नाही."

आणि माझं काय? माझे गुडघे असे, की अकोल्याच्या गाडीसाठी बडनेरा स्टेशनचा जिना मी चढून उतरेपर्यंत गाडी पार मूर्तिजापूर गाठेल. म्हणजे अकोल्याला काम याचा अर्थ मिस्त्रीबाबा घरी. आणि घरी म्हातारी आहे. मी दिवसभर घरी बसणार, या नुसत्या विचारानं ती माझ्याआधी आजारी पडली असती.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या त्या एक कल्पना घेऊन. कुठल्याशा मोबाईलवरच्या वर्गात शिकल्या होत्या. म्हणाल्या, "शेठ दोन वाजता येणार. त्याच्या आधी अकरा वाजता आपण रेट्रो करू."

"ते काय असते जी?" मी विचारलं.

"मिस्त्रीबाबा, काम संपलं की सगळ्यांनी बसायचं आणि मागं वळून पाहायचं. काय जमलं, काय बिघडलं. पण नाव कोणाचंच घ्यायचं नाही. सगळं गोष्टीत सांगायचं. आपल्याले मदत केली ते परी, आडवा आला तो राक्षस, आणि पुढच्या हंगामाले सोबत काय न्यायचं ते शिदोरी. गोष्टीत बोललं की कोणाले राग येत नाही, अन् खरं बाहेर येते. ते खरं मी कागदावर घेईन अन् शेठले नीट शब्दांत सांगीन."

"मॅडम, राक्षस मी होतो," गजू म्हणाला. "मिशा आयत्याच आहेत."

मला तर कल्पना आवडली बुवा. सांगून टाकतो.

शुक्रवार उजाडला. मागच्या खोलीत पंप सरकवून पाच खुर्च्या गोल मांडल्या. फळ्यावर प्रणालीनं किल्ला काढला, नदी काढली आणि राक्षस काढला. राक्षस बघून सुधाकर म्हणाला, "हे विजेच्या खांबावरची डीपी काहून काढली?" मॅडमनी लेकीच्या वाढदिवसाचा सोनेरी पुठ्ठ्याचा मुकुट आणला होता. ज्याच्या डोक्यावर मुकुट त्यानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं.

गजूनं मुकुट घातला. "एक राजा होता. त्याचं सगळं बेस चाललं होतं. झाली गोष्ट."

"अन् राक्षस?" मॅडम म्हणाल्या.

"तो बाहेरगावी गेल्ता."

प्रणालीनं सांगितलं, की परी म्हणजे आपला चारचा चहा. सुधाकरनं सांगितलं, की राक्षस म्हणजे रस्त्यावरचे खड्डे. सील हा शब्द कोणाच्या तोंडून निघेना! मॅडम हातात पेन धरून बसल्या होत्या आणि कागद कोराच. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. 

"मिस्त्रीबाबा, आता तुमीच. तुमी तर पोत्यानं गोष्टी सांगता."

हे खरं होतं. पण मी मान हलवली. "दिवसा नाही सांगत मी."

"काहून?"

"दिवसा गोष्ट सांगितली की ऐकणाऱ्याचा मामा वाट चुकतो."

"मले मामाच नाही," गजू म्हणाला.

"माहा मामा आजच येऊन राहिला परतवाड्याहून," प्रणाली घाबरून म्हणाली. "नका सांगू बाबा!"

तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्या, तिकडे दुकानाला कुलूप लागायची वेळ आली आणि तू मामाचं काय घेऊन बसलास? बरोबर आहे तुमचं. पण साठ वर्षं पाळलेली गोष्ट अशी एका शुक्रवारी मोडवत नाही. शेवटी मॅडम उठल्या. खिडकीवर जुन्या जाहिरातीचं कापड टांगलं, दार लोटलं, ट्यूबलाइट बंद केली. सकाळी सव्वाअकरा वाजता आमच्या दुकानात रात्र झाली.

"आता?"

"आता हुंकारा लागते," मी म्हणालो. "हुंकाऱ्याबिगर गोष्ट चालत नाही. अन् एक आहे, जोवर हुंकारा येतो तोवर मले थांबता येत नाही. आमच्याकडे रीतच आहे तशी."

सुधाकर माझ्या उजव्या हाताला बसला होता. "मी देतो," म्हणाला. तंबाखूनं बसलेला त्याचा आवाज, हुंकाऱ्याला अगदी लायक.

मी मुकुट घातला. डोळे मिटले. मी गोष्ट डोळे मिटूनच सांगतो. आणि सुरू केलं.

"एक होता राजा."

"हं."

"त्याचं मोठं राज्य होतं मावळतीले, अन् एक बारकुसं राज्य उगवतीले."

"हं."

"बारक्या राज्यात होते पाच जण. एक राणीसाहेब, एक सारथी, एक दवंडीवाली, एक मिशीवाला शिपाई, अन् एक म्हातारा कारागीर. लय गुणी कारागीर! त्याच्यासारखा हात पंचक्रोशीत कोणाचा नव्हता."

"हं."

एवढ्यात बाहेर कुठेतरी हॉर्न वाजला. सुधाकरची गाडी रस्त्यात आडवी होती, म्हणून तो अंधारात उठून बाहेर गेला. मला काही कळलं नाही. कारण हुंकारा क्षणभर थांबला आणि लगेच पुन्हा आला. "हं." थोडा जाड आला. मला वाटलं, तंबाखू बदलली असेल.

तुम्हाला सांगूनच टाकतो. शेठ आले होते! दोनला यायचे ते साडेअकराला. दारातून आत डोकावले, अंधारात मुकुट घातलेला म्हातारा डोळे मिटून बोलताना पाहिला, ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना गप्प केलं आणि सुधाकरच्या खुर्चीवर बसले. हे सगळं गजूनं मला नंतर सांगितलं. नंतर सांगून काय उपयोग?

"तर हा राजा कसा होता?" मी म्हणालो.

"हं, कसा होता?"

वा! असा हुंकारा जन्मात मिळाला नव्हता. मी खुललो.

"नाव मी घेत नाही. नाव घ्यायचं नाही असं ठरलं आहे. पण त्याचा रथ पांढरा होता, अन् रथाच्या काचेवर त्यानं लिंबू-मिरची बांधली होती. रोज सकाळी सात वाजता तो सगळ्या प्रजेले गुलाबाचं फूल पाठवे मोबाईलवर. अन् आठ वाजता झापे."

"हं."

कोणीतरी खोकललं. मला वाटलं, दाद दिली.

"प्रजेनं काही म्हटलं की राजा म्हणे, पाहू. मोटारीची तांब्याची तार संपली? पाहू. पत्र्यातून पाणी गळते? पाहू. पाहू पाहू करता राजाचे डोळे गेले, पण त्यानं पाहिलं काहीच नाही."

"हं," जरा उशिरानं आलं.

"मिस्त्रीबाबा, चहा घेता का?" मॅडमचा आवाज. कापत होता.

"गोष्ट मोडू नको बाई! आता तर रंगात आली."

मग माझ्या मांडीला काहीतरी चावलं. मी फाडकन चापट मारली. तो गजूचा हात होता.

"मग?" हुंकाऱ्यानं विचारलं.

"मग काय! राजाच्या बायकोले होता एक भाऊ. एक नंबरचा कामचोर. राजाच्या जिवावर दुकान टाकलं त्यानं रबराच्या चकत्यांचं. राजाले सगळं समजे, पण घरी जेवायचं होतं त्याले! बायकोसमोर राजाची दातखीळ बसे. म्हणून त्यानं त्या फालतू चकत्या बारक्या राज्याच्या गळ्यात मारल्या. विहिरी असून पाणी नाही, झाडं वाळली, लोक पायरीवर येऊन रडले. अन् राजा उलटा राणीसाहेबावरच उखडला! बिचारीचं लेकरू घरी वाट पाहते. अन् त्या कारागिराच्या हाताले काळिमा लागला, त्याचा काही दोष नसताना."

"काहीच दोष नव्हता?"

"काडीचा नाही!"

"मग राक्षस कोण झाला गोष्टीत?"

मला सुधाकरचा राग आला. एवढं समजू नये माणसाला?

"राक्षस तो राजाच की बे, येड्या!"

आणि ट्यूबलाइट लागली.

आता काय पाहिलं मी, ते सांगताना अजून जीभ जड होते. उजव्या हाताला शेठ. पांढरा सदरा, मांडीवर चामड्याची बॅग. प्रणाली ओढणीत तोंड खुपसून बसलेली. मॅडमचा चेहरा कापसासारखा. दारात सुधाकर उभा, शेठच्या गाडीची किल्ली हातात धरून. आणि मी, शेठसमोर, वाढदिवसाचा मुकुट घालून!

वाटलं, समोर बोअर आहे, पंपासोबत मलाही सोडा कोणीतरी खाली.

"शेठ," मी म्हणालो, "हे... गोष्ट होती जी."

"समजलं. लय चांगली होती." शेठ हसले नाहीत, रागावलेही नाहीत. हेच वाईट. "मुकुट ज्याच्या डोक्यावर तो बोलते ना? द्या इकडे." त्यांनी माझ्या डोक्यावरचा मुकुट काढला आणि स्वतःच्या डोक्यावर घातला. "आता गोष्ट मी पुरी करतो. हुंकारा तुमी द्या. लाइट राहू द्या, माहा मामा कवाच वारला."

नाही कसं म्हणणार? रीत मीच सांगितली होती.

"त्या राजाच्या दोन राज्यांत सारख्याच चकत्या गेल्या," शेठ म्हणाले.

"हं," मी म्हणालो.

"मोठ्या राज्यात एकही मोटार जळली नाही."

"...हं."

"फोन ठेवल्यावर राजाले याचं नवल वाटलं. त्यानं बारक्या राज्यातली जळालेली मोटार आपल्याकडे आणून खोलली. तर चकती उलटी! दुसरी खोलली, तेही उलटी. सगळ्याच उलट्या!"

हुंकारा बाहेर येईना. शेठ थांबले. माझ्याकडे पाहत राहिले. मी घसा साफ केला.

"हं."

"जुनी चकती ज्या तोंडानं बसे, नवीन त्याच्या उलट बसवायची होती. प्रत्येक डबीत तसा कागद घातलेला होता. अकोल्यात चकत्या बसवणाऱ्या पोरीनं तो उघडून पाहिला. अमरावतीत त्या कागदाचं काय झालं, हे राजाले अजून माहीत नाही."

राजाला माहीत नव्हतं, मला होतं. जाड कागद होता, गुळगुळीत. ग्रीसचे हात पुसायला घेत होतो मी. फारसा कामाचा नव्हता, ग्रीस नुसतं पसरे. गजूनं एकदा म्हटलंही होतं, "बाबा, यात कागद आहे, पाहायचा का?" मी काय म्हणालो होतो? "चाळीस वर्षं कागदाबिगर बसवले, आता कागद मले शिकवते का?" गजू आता जमिनीकडे पाहत होता.  बोलला असता तर बरं झालं असतं.

बोलल्या त्या वैष्णवी मॅडम. "शेठ, मिस्त्रीबाबाले वाचता येत नाही. तो कागद मी वाचून दाखवायले पाहिजे होता. चूक माही आहे."

आणि मी काय केलं असेन? सांगा बरं. मी म्हणायला पाहिजे होतं, की नाही बाई, चूक माझी. पण मी मान खाली घालून बसलो. मनात म्हटलं, हो की! आपण अडाणी माणूस. आपल्याला शाळेत घातलं नाही कोणी. अक्षरच येत नाही तर कागदाचं काय समजणार? एवढ्या बुडण्यात तेवढंच एक लाकूड हाताला लागलं होतं, ते मी घट्ट धरलं.

शेठनी मुकुट काढून मांडीवर ठेवला.

"मोटारी काहून जळतात ते समजलं पाहिजे, असं मी म्हटलं होतं. समजलं. मग दुकान बंद कायले करू? एका माणसाच्या चुकीसाठी पाच जण अकोल्याले काहून नेऊ?"

मॅडमनी डोळे पुसले. प्रणालीनं टाळी वाजवायला हात उचलले होते.

"एकच नेतो," शेठ म्हणाले. "मिस्त्रीबाबा, सोमवारपासून पंधरा दिवस अकोला. सील बसवायले शिका. अन् माह्या साळ्याले भेटून या. तुमची गोष्ट त्यालेही ऐकवा, मले तर घरी जेवायचं आहे."

तर असं झालं. अमरावतीचं दुकान राहिलं, मॅडमची पोरगी संध्याकाळी आईला जागी भेटते, सगळे वाचले. अकोल्याचा फेरा टळावा म्हणून सगळ्यात मोठ्यानं बोललो मी, आणि अकोल्याला गेलो मी एकटाच. बडनेऱ्याचा जिना चढलो. उतरलोही. गाडी नेमकी उशिरा होती, तेवढीही पळून गेली नाही.

अकोल्याच्या दुकानात सील बसवणारी पोरगी असेल वीस-बावीसची. मला पाहून पाया पडली. मला आणखीच मेल्यासारखं झालं. तिनं नवी डबी फोडली, घडी घातलेला कागद काढला आणि माझ्यासमोर टेबलावर पसरला.

"पोरी, मले वाचता येत नाही," मी लगेच म्हणालो. तेच एक लाकूड होतं ना माझ्याजवळ!

"वाचायचं काय आहे बाबा यात?" ती म्हणाली.

मी वाकून पाहिलं. कागदावर एक अक्षर नव्हतं! नुसती चित्रं. एक चकती, एक बाण, पाण्याचा थेंब, पुढे बरोबरची खूण. शेजारी तीच चकती उलटी, त्यावर ही एवढी लाल फुली, आणि खाली धूर निघणारी मोटार.

"ज्याईले वाचता येत नाही ना, त्याईच्यासाठीच असा छापला आहे," ती मायेनं म्हणाली. "दिसलं का?"

आता काय सांगणार होतो मी तिला?

"कसं दिसन पोरी," मी म्हणालो, "चष्मा अमरावतीले राहिला."

तिनं माझ्या नाकावरचा चष्मा काढला, ओढणीनं पुसला आणि परत लावून दिला.